मागच्या ईसीजीच्या तुलनेत बदल नाही

जबाब देणार पुरुष, वय वर्षे पंचेचाळीस, साबणाच्या कारखान्यात वड्या गुंडाळायच्या मशीनवर फिटर, अविवाहित, राहणार काचेच्या दुकानावरच्या दोन खोल्या, मोठा भाऊ आणि वहिनी यांच्यासोबत. आज दुपारी मला हॉस्पिटलमधून पोलीस ठाण्यात आणलं. विचारल्यावरून मी माझ्या तोंडाने सांगतो ते पुढीलप्रमाणे.

सगळ्यात आधी हे लिहून घ्या की माझा मोठा भाऊ, ज्याला मी दादा म्हणतो, तो या घडीला हॉस्पिटलच्या तपासणी हॉलमध्ये खिडकीजवळच्या कॉटवर आहे आणि त्याला अटॅक आलेला आहे. तिथल्या फाइलीवर नाव माझं आहे, पण अटॅक त्याचा आहे. मी लिहून घेणाऱ्या अंमलदारांना विनंती केली की आधी हॉस्पिटलला फोन लावा, माझं काय ते नंतर लिहा. त्यांनी फोन लावला. डॉक्टरबाई आत आहेत, निरोप ठेवतो, असं उत्तर आलं. अंमलदार म्हणाले, "तुम्ही जेवढं भरभर सांगाल तेवढं लवकर सुटाल. पण क्रमाने सांगा." म्हणून क्रमाने सांगतो.

दादा खिडक्यांच्या काचा कापून बसवण्याचं काम करतो. दुकान त्याचं आहे. आज माझी सुट्टी होती म्हणून मी त्याच्या मदतीला गेलो होतो. आम्ही दिसायला इतके सारखे आहोत की दुकानात गिऱ्हाईक मलाच भाव विचारतं आणि मी तोंडाला येईल तो सांगतो, त्यावरून आमचं भांडण होतं. दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा आहे. वडील लवकर गेले, त्यानेच मला वाढवलं. तो मला अजूनही शेंबड्या म्हणतो, कारखान्यातल्या लोकांसमोरसुद्धा.

सकाळी दहाच्या सुमारास एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर मोठी काच चढवत असताना दादा जिन्यातच थांबला. मी खालच्या टोकाला होतो. मी ओरडलो की अरे चल, माझे हात गळाले. त्याने काच आधी भिंतीला नीट टेकवली, खाली फडकं सरकवलं, आणि मग पायरीवर बसला. खांदा भरून आलाय म्हणाला. जबडा दुखतोय म्हणाला. त्याच्या कपाळावरचा घाम मी पाहिला. तो घाम माझ्या ओळखीचा होता. चार वर्षांपूर्वी मला अटॅक आला तेव्हा तो तसाच आला होता.

मी त्याला टेम्पोत बसवलं आणि हॉस्पिटलला आणलं. दादाला त्याआधी कधी काही झालेलं नाही. तो आयुष्यात कुठल्याही हॉस्पिटलात स्वतःसाठी गेलेला नाही, माझ्यासाठीच गेलेला आहे.

आता कार्डाचं सांगतो, कारण हॉस्पिटलची तक्रार त्याचीच आहे. त्या हॉस्पिटलात ज्यांना अटॅक येऊन गेला आहे त्यांना लाल कडेचं कार्ड देतात. कार्डावर फोटो आणि फाइलचा नंबर असतो. मला घरी सोडताना तिथल्या डॉक्टरबाईंनी ते हातात देऊन समजावलं होतं की माझ्या हृदयावर अटॅकचा व्रण राहिला आहे. त्यामुळे मी ठणठणीत असलो तरी माझ्या ईसीजीची रेघ कायम उंच उठलेलीच दिसणार, आणि अनोळखी डॉक्टर ती पाहून घाबरेल. कार्ड दाखवलं की कॉम्प्युटर माझा जुना ईसीजी काढतो, नव्याशी ताडून बघतो आणि काही नवीन घडलंय का ते सांगतो. म्हणून हे कार्ड कधी विसरायचं नाही. मी ते कधीच विसरत नाही. अंघोळीला जातानाही खिडकीत ठेवतो. दादा त्यावरून मला चिडवतो.

आज खिडकीवर नवीन पेशंटची रांग दाराबाहेर गेली होती. नवीन माणसाला ओळखपत्र दाखवून चार पानं भरावी लागतात, तेव्हा नंबर मिळतो. दादाचं ओळखपत्र घरी होतं. लाल कार्डवाल्याला मात्र रांग नाही, सरळ आत घेतात. दादा माझ्या खांद्यावर रेलला होता आणि त्याचं वजन वाढत चाललं होतं. मी खिशातून माझं कार्ड काढलं, खिडकीत सरकवलं आणि दादाकडे बोट दाखवलं. खिडकीतल्या बाईंनी फोटो पाहिला, दादाचं तोंड पाहिलं आणि आतली बेल दाबली. मला वाटलं, आपण मोठी अक्कल चालवली.

आत नेताना मी दादाच्या कानात सांगितलं की नाव विचारलं तर माझं सांग. तो म्हणाला, "म्हणजे आजपासून मीपण बिनडोक?" एवढं तो बोलत होता. म्हणून मला धीर आला.

आत एक मुलगी होती, ईसीजी काढणारी. तिने दादाच्या छातीला आणि हातापायांना वायरी लावल्या, कार्डावरचा नंबर मशीनमध्ये घातला. पट्टी बाहेर यायच्या आतच कॉम्प्युटरच्या पडद्यावर ओळ उमटली. डॉक्टरबाई त्याच होत्या, चार वर्षांपूर्वीच्या. त्यांनी ती ओळ आम्हाला वाचून दाखवली. जुन्या अटॅकच्या खुणा आहेत, मागच्या ईसीजीच्या तुलनेत बदल नाही.

डॉक्टरबाईंनी पडदा आमच्याकडे वळवला. वर आजची रेघ होती, खाली मागची. म्हणाल्या, "बघा काका, एकीला झाका आणि दुसरीला काढा." खरोखरच दोन्ही सारख्या होत्या, एकाच ठिकाणी उठलेल्या. त्यांनी विचारलं, मागच्या अटॅकला किती वर्षं झाली? मी म्हणालो, चार. दर तपासणीला हा प्रश्न मला विचारतात आणि दर तपासणीला मी हेच उत्तर देतो. ते तोंडातून आपसूक गेलं. दादा माझ्या शब्दाला मान डोलावत होता.

माझं त्या बाईंबद्दल काही म्हणणं नाही, हे स्पष्ट लिहा. त्यांनी दादाची नाडी पाहिली, दोनदा विचारलं की दुखणं कुठे जातंय, गोळी दिली, रक्त काढलं. रक्तात काही आलं नाही. त्या म्हणाल्या की इतक्या लवकर रक्तात येतही नाही, तीन तासांनी परत काढू, तोवर इथेच पडून राहा, रेघेत फरक नाही म्हणजे घाबरायचं कारण दिसत नाही. कॉम्प्युटरबद्दलही माझी तक्रार नाही. चार वर्षांपूर्वी मला पोटात गॅस झालाय असंच सगळे म्हणत होते, मीसुद्धा. त्या कॉम्प्युटरने पहिल्या मिनिटाला सांगितलं की हा अटॅक आहे, आणि म्हणून मी आज बोलतोय. त्याने आजही आपलं काम चोख केलं. त्याला मीच भलत्या माणसाचं हृदय ताडायला दिलं.

पण तेव्हा माझ्या डोक्यात यातलं काहीच आलं नाही. मला आनंद झाला होता. माझा विश्वास बसला की बदल नाही म्हणजे नाही. मी दादाला म्हटलं, नाटकी आहेस, काच उचलायचा कंटाळा आला म्हणून सांग ना. तो हसला, पण डोळे मिटून. त्याची बनियन भिजली होती आणि मी ती पिळून खिडकीत वाळत घातली. भिजलेली बनियन हातात असताना माझ्या लक्षात आलं नाही, हे मला लिहून हवं आहे.

नंतर मी बाहेर व्हरांड्यात येऊन वहिनींना फोन केला. म्हटलं, "वहिनी, घाबरू नका. ईसीजी काढला. नवीन काही नाही, जुनंच आहे." वहिनी म्हणाल्या, "जुनं कसलं, भाऊजी? ह्यांना कधी काय झालं होतं?"

मी फोन तसाच चालू ठेवून आत पळालो.

डॉक्टरबाई हॉलमध्ये नव्हत्या. अपघाताची गाडी आली होती, त्या दुसऱ्या पेशंटला घेऊन आतल्या खोलीत गेल्या होत्या आणि दाराला लाल दिवा होता. मी ईसीजीवाल्या मुलीला सगळं सांगितलं. म्हणालो, खालची रेघ माझी आहे, वरची त्याची आहे, ती माझ्याशी ताडून चालणार नाही, त्याच्या रेघेत एवढं उठलेलं असणं म्हणजेच अटॅक आहे. ती पोर पांढरी पडली. तिला पटलं होतं, तिच्या तोंडावर दिसत होतं. पण ती म्हणाली की नंबर घातल्याशिवाय ईसीजी पुढे जात नाही, आणि या नंबरवर काढला तर परत तुमच्याशीच ताडणार. नवीन नंबर खिडकीतूनच मिळतो.

जाता जाता वहिनींना फोनवर सांगितलं की दादाचं ओळखपत्र घेऊन निघा, आणि मी खिडकीत गेलो. तिथे खरं ते सांगितलं. खिडकीतल्या बाईंनी व्यवस्थापकांना बोलावलं. ते सभ्य माणूस आहेत, आवाज चढवून बोलले नाहीत. त्यांनी माझं कार्ड काढून घेतलं आणि म्हणाले की दुसऱ्याच्या कार्डावर इलाज घेणं हा गुन्हा आहे, आता कोण खरा कोण खोटा ते ठरेपर्यंत ही फाइल बंद राहील. मी म्हणालो, साहेब, बंद करा, मला बेड्या घाला, पण त्याला नवीन नंबर द्या. ते म्हणाले, ओळखपत्र आणा. मी म्हणालो, वहिनी घेऊन निघाल्या आहेत, बसमध्ये आहेत. ते म्हणाले, मग येऊ द्या. मी त्यांच्या पाया पडलो. हे त्यांनी तक्रारीत लिहिलेलं नाही, पण तिथल्या सगळ्यांनी पाहिलं आहे. त्यांनी मला उठवलं आणि म्हणाले, "अहो, असं करू नका. नियम सगळ्यांना सारखा आहे." फाइल बंद झाली म्हणून दादाला दुसरी गोळीही देता येईना, कारण गोळी फाइलीवर चढते.

लाल दिवा लागलेलं दार मी वाजवलं. आतून कुणीतरी थांबा म्हटलं.

परत हॉलमध्ये आलो तेव्हा दादाचा रंग मेणासारखा झाला होता. मी शेजारच्या रिकाम्या कॉटवर आडवा झालो आणि शर्ट काढला. त्या मुलीला म्हणालो, मला लाव. नंबर अजून मशीनमध्ये आहे, त्यावरच माझा काढ. माझी रेघ खालच्या रेघेशी जुळेल, माझ्या हृदयावर मागची सगळी खूण आहे, मग दोघांच्या पट्ट्या घेऊन आत जा आणि बाईंना दाखव की एका नंबरची दोन माणसं आहेत. ती वायरी घेऊन माझ्याकडे वळली होती. तेवढ्यात व्यवस्थापक रखवालदाराला घेऊन आले. रखवालदाराने माझा दंड धरला. मी मशीनची गाडी धरली. त्याने मला ओढलं, मी गाडी सोडली नाही, वायर तुटली आणि पडदा खाली पडून फुटला. पडदा मी मुद्दाम फोडलेला नाही. ज्या यंत्रामुळे दादाचा जीव वाचायचा होता ते मी कशाला फोडीन? पण ते माझ्या हातून फुटलं, हे खरं आहे आणि मी ते नाकारत नाही.

त्या झटापटीत दादाने डोळे उघडले. मला पाहिलं. म्हणाला, "शेंबड्या, शर्ट घाल आधी. लोक बघतायत."

त्यानंतर तुमची माणसं आली. मी त्यांना विरोध केला नाही, फक्त दारात पाय रोवले होते. जाताना जिन्यात वहिनी भेटल्या. त्यांच्या हातात दादाचं ओळखपत्र होतं, रुमालात गुंडाळलेलं. मी ओरडून सांगितलं की खिडकीत नवीन नंबर मागा, बाईंना भेटा, लाल दिव्याच्या दारावर धडका मारा. त्यांना किती ऐकू आलं माहीत नाही. मला धरून कुठे नेतायत तेच त्या विचारत होत्या.

इथवर सांगून झाल्यावर मी अंमलदारांना पुन्हा फोन लावायला सांगितलं. त्यांनी लावला. लाइन लागली नाही. मी म्हणालो, मला दहा मिनिटं सोडा, माणूस बरोबर द्या, हातकड्या घालून न्या. ते म्हणाले, आमचे साहेब जेवून येऊ देत, त्यांची सही झाली की मी स्वतः तुम्हाला नेतो. ते चांगल्या मनाने बोलले. मग त्यांनी माझ्या खिशातल्या वस्तूंची नोंद घ्यायला सुरुवात केली. किल्ल्या, रुमाल, काच मोजायचा पट्टा, दादाचा चष्मा आणि दोन फोन. त्यातला एक दादाचा, कारण वायरी लावताना त्याने तो चष्म्यासोबत माझ्याकडे दिला होता.

ही नोंद चालू असताना टेबलावर दादाचा फोन वाजला. नंबर हॉस्पिटलचा होता. अंमलदार म्हणाले, घ्या.

लाल कार्डाच्या मागे, काही झालं तर कोणाला कळवावं, अशी एक जागा असते. तिथे चार वर्षांपूर्वी मी दादाचा नंबर दिला होता. फोनवर डॉक्टरबाई होत्या; कार्डाचा प्रकार त्यांना कोणी सांगितलेला नव्हता. त्यांनी विचारलं, "तुम्ही पेशंटचे मोठे भाऊ बोलताय का?" मी म्हणालो, "बोला." त्या म्हणाल्या की तुमच्या धाकट्या भावाचं हृदय अचानक थांबलं, आम्ही पुष्कळ प्रयत्न केले, त्यांना परत आणता आलं नाही. त्या हळू आणि नीट बोलत होत्या. मला सावरायला वेळ देत होत्या. मग म्हणाल्या, तुम्ही लवकर या, इथे एक बाई आहेत, त्या स्वतःला पेशंटची पत्नी म्हणतायत, पण आमच्या फाइलीत पेशंट अविवाहित आहे, आणि त्या नावही दुसरंच सांगतायत.

मी म्हणालो, त्या बरोबर सांगतायत.

मग मी त्यांना दादाचं नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट आणि आडनावासकट. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे त्यांना याआधी कधीच अटॅक आला नव्हता?" मी म्हणालो, नाही, हाच पहिला. त्या रडत होत्या की काय ते मला सांगता येणार नाही. फोन त्यांनी ठेवला की माझ्या हातून सुटला, तेही सांगता येणार नाही. अंमलदारांनी मला पाणी दिलं आणि जबाब थोडा वेळ थांबवला.

जबाब पुन्हा सुरू केला तो असा. साहेब जेवून आले, त्यांना सगळं कळलं, ते माझ्यासमोर उभेच राहिले. त्यांनी हॉस्पिटलच्या व्यवस्थापकांशी बोलून मला समजावलं की मृत्यूच्या दाखल्यावर माझं नाव चढलं आहे. फाइलीप्रमाणे मी मेलो आहे आणि दादाला कोणी तपासलेलंच नाही. त्यामुळे वहिनींना ते दादाला देऊ शकत नाहीत, कारण फाइलीत त्या त्याच्या कोणी नाहीत. वहिनी त्याच्या कॉटपाशी बसून आहेत, उठायला तयार नाहीत. पोलिसांपुढे सही केलेला माझा जबाब तिथे पोचला, की मी जिवंत आहे आणि गेलेला माणूस माझा भाऊ आहे, तरच दाखल्यावरचं नाव बदलेल. गुन्ह्याचं मागाहून बघू, असं साहेब म्हणाले.

मी साहेबांना सांगितलं की नाव तसंच राहू द्या. माझ्या नावाने होऊन जाऊ द्या, मी नाहीसा होतो, दादा कागदावर तरी राहील. मी तसं बोललो हे अंमलदारांनी लिहिलं आहे आणि ते खोडू नये. तो काच घेऊन उभा होता आणि त्याने आधी काच टेकवली. मी त्याच्या जागी असतो तर टाकली असती. मला त्याला वाचवायचं होतं, दुसरं काही नव्हतं. रांगेत उभा राहिलो असतो, चार पानं भरली असती, ओळखपत्राची वाट पाहिली असती, तर त्याची रेघ एकटी पडद्यावर आली असती आणि त्या कॉम्प्युटरने पहिल्या मिनिटाला ओळखलं असतं. मला घाई होती, दुसरं काय सांगू.

साहेब म्हणाले, वहिनी वाट बघतायत. पेन अंमलदारांनी माझ्या हातात दिलं. ही सही झाली की मी जिवंत ठरतो आणि दादा गेलेला ठरतो. दोनदा पेन खाली ठेवलं. वहिनींनी आज सकाळपासून पाणीसुद्धा घेतलेलं नसेल, आणि तिथे त्यांना त्याची बायको मानायला कोणी तयार नाही, म्हणून सही करतो आहे.

वर लिहिलेलं सगळं अंमलदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवलं, मी ऐकलं. मी बोललो तसंच उतरलं आहे, त्यात खोटं काही नाही. खिडकीजवळच्या कॉटवर मयत झालेला इसम मी नाही. तो माझा दादा आहे.